महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पुस्तकं बाद करताना: काय काढावं, काय जपावं?

गोदातीर | परभणी जिल्हा

नमस्कार मंडळी. उन्हाळी सुट्टीत आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची साठा पडताळणी पूर्ण झाली. पुस्तकं बाद करण्याचा विषय यंदा पहिल्यांदाच ग्रंथालय समितीपुढे येतो आहे. आजवर तो 'नॅक (महाविद्यालयाचं मूल्यांकन) होऊन जाऊ द्या, मग बघू' या वाक्यावर अडायचा. इथे ग्रंथपाल, प्राध्यापक बरेच आहेत, म्हणून धागा काढते आहे.

कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा आहेत. मांडण्या गच्च, पुस्तकांवर पुस्तकं आडवी घातलेली, भिंतीलगतच्या कपाटांच्या तळखणाला वाळवी लागून गेलेली. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. त्याची पुस्तकं घेतली, पण ठेवायला जागा नाही, म्हणून ती देवघेव टेबलामागे खोक्यांत आहेत. मुलानं मागितलं की खोकं उघडून द्यायचं. दर्शनी मांडणीवर मात्र टर्बो सी आणि विंडोज ९८ अशा कालबाह्य संगणक-विषयांवरच्या पुस्तकांच्या प्रती ओळीने उभ्या.

आपल्याकडे एकूण ग्रंथसंख्या हाच ग्रंथालयाचा मान धरतात. अहवालातला आकडा दरवर्षी चढताच दिसला पाहिजे. त्यासाठी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं पाचवं सूत्र पुढे केलं जातं: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. पण १९३१ साली ही सूत्रं मांडताना त्यांनी लिहिलं आहे की वाढणारा जीव नवं आत घेतो, जुनं टाकतो, आकार आणि रूप बदलतो. मधला भाग आपण वाचतच नाही.

माझी अडचण निकषाची आहे. सॉफ्टवेअरमधून मी पंधरा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढली. त्या यादीत विक्रीकराची गाईडं आहेत. आणि त्यांच्याच खाली, संस्थेच्या जुन्या हायस्कूलकडून आमच्याकडे आलेली, निजामाच्या काळात हैदराबादला छापलेली उर्दू रसायनशास्त्राची पुस्तकं आहेत. संगणकाला दोन्ही सारखी. मला ती सारखी वाटत नाहीत, पण समितीत 'का?' विचारलं तर काय सांगू? मराठवाड्यातल्या ग्रंथालयाला छाटणीचा स्वतःचा निकष हवा असं माझं ठाम मत झालं आहे. तो कसा ठरवावा?

मांजराकाठ | लातूर

ताई, मी मराठीचा निवृत्त शिक्षक. तुमचा धागा वाचून मन अस्वस्थ झालं. पुस्तकाला पाय लागला तर आपण हात लावून कपाळाला नेतो. त्या पुस्तकांची रद्दी तराजूवर घालायची?

भावनेपलीकडचंही एक कारण आहे. आपल्या भागातल्या कितीतरी मुलांच्या घरात क्रमिक पुस्तकाखेरीज छापील कागद नसतो. वडील उसतोडीला गेलेले, मूल वसतिगृहात. त्याला नवी आवृत्ती परवडत नाही. जुनी का होईना, पण दहा प्रती असल्या तर दहा मुलांना घरी नेता येतात. तुम्ही त्या काढल्या तर त्यांच्या जागी तितक्याच नव्या येणार आहेत का? अनुदानाची स्थिती मला ठाऊक आहे. जागा नाही म्हणून पुस्तक काढणं मला पटत नाही. जागा मागा.

वाणिज्य_विभाग | नांदेड

सर, तुमच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, आधीच्या मुद्द्याशी नाही.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ ला लागू झाला. व्हॅट, सेवा कर, केंद्रीय उत्पादन शुल्क यांवरची तोवरची पाठ्यपुस्तकं त्या दिवशी इतिहासजमा झाली. कंपनी कायदा १९५६ चा होता, तो २०१३ चा झाला. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, आता २०१९ चा. आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदाही नवा, म्हणजे १९६१ च्या कायद्यावरची आमची अख्खी मांडणी जुनी झाली. यातलं पुस्तक वर्गातल्या ज्या मुलाकडे पैसे आहेत तो वापरतच नाही. तो दुकानातून नवी आवृत्ती आणतो, मोबाइलवर ताडून बघतो. जुनी आवृत्ती नेतो तो तुम्ही म्हणता तोच वसतिगृहातला मुलगा. कारण त्याला ग्रंथालय हाच एक आधार आहे आणि ग्रंथालयाच्या शिक्क्यावर त्याचा विश्वास आहे. चुकीचं उत्तर लिहून गुण त्याचेच जातात.

म्हणून मी विभागातर्फे लेखी दिलं आहे की करविषयक पुस्तकाची फक्त चालू आवृत्ती देवघेवीत ठेवा. प्रत्येक जुन्या कायद्याची एकेक चांगली प्रत संदर्भ विभागात, बाकी बाद. नव्या प्रती पुस्तकपेढीतून. त्यासाठी समितीत भांडावं लागलं तर मी भांडते.

बालाघाट_०५ | बीड

मी विद्यार्थी आहे, बोलू का? राज्यसेवेचा अभ्यास करायलो. गावाकडच्या कॉलेजच्या अभ्यासिकेत सकाळी येतो, रात्री जातो. आमच्याकडं राज्यशास्त्राचं जे पुस्तक सगळ्यात जास्त हाताळलेलं हाय त्यात नियोजन आयोगाचं आख्खं प्रकरण हाय. त्याच्या जागी नीती आयोग १ जानेवारी २०१५ ला आला. राज्यं २८ दिलीत, त्यात तेलंगणा नाही आणि जम्मू-काश्मीर अजून राज्यच हाय. गंमत म्हणजे आज मोजली तरी २८ च येतात, कारण २०१४ ला एक वाढलं आणि २०१९ ला एक कमी झालं. त्यामुळं नवीन पोराला चूक दिसतच नाही. माझ्या मागून आलेली लेकरं तेच पाठ करायलेत. मी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवतो, पण किती पानांवर लिहावं?

अजून एक. अभ्यासिकेत बसून वाचलेलं पुस्तक कुठंच नोंदवत नाहीत. ज्या पुस्तकावर आम्ही दिवसभर बसतो ते तुमच्या कम्प्युटरवर 'कुणीच नेलं नाही' असंच दिसणार.

गोदातीर | परभणी जिल्हा

बालाघाट, हा मुद्दा फार मोलाचा आहे. मी उद्यापासून अभ्यासिकेत पाटी लावते: वाचून झालेलं पुस्तक मांडणीवर परत ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. संध्याकाळी परिचर दादा ती उचलताना दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) टिपून घेतील. एक सत्र असं केलं तर बिननोंदीचा वापर बराचसा कळेल. तोवर संदर्भ विभागाला हात लावायचा नाही.

मांजराकाठ सर, जागा मागितली आहे. मिळाली तरी टर्बो सीसाठी वापरायची नाही एवढंच माझं म्हणणं.

निर्णयसंग्रह | छत्रपती संभाजीनगर

विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. वाणिज्यच्या मॅडमनी सांगितलं ते बरोबर आहे, पण कायद्याच्या पुस्तकांना सरसकट लावू नका.

भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही १ जुलै २०२४ पासून बदलले. त्या आठवड्यात आमच्याकडेही 'आता ही कपाटं रिकामी करा' अशी सूचना आली होती. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते. ते खटले अजून कितीतरी वर्षं चालतील, अपिलं त्यानंतर. १८६० पासूनचे न्यायनिर्णय जुन्या कलमक्रमांकांवर आहेत आणि नव्या संहितेचा अर्थ लावताना वकील तिकडेच जातात. म्हणून विद्यार्थ्यांसाठीची छोटी गाईडं काढली, कलमांवर सविस्तर भाष्य करणारे ग्रंथ ठेवले.

दुसरं, आणि हे फक्त आपल्या भागाचं. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे इथल्या जमिनीच्या वादात आजही हैदराबादचा १९५० चा कुळकायदा आणि इनामं नष्ट करणारा १९५४ चा कायदा लागतो. पुण्यातल्या ग्रंथालयाला त्यांवरचं जुनं भाष्य अडगळ वाटेल. आमच्याकडे गंगापूर, पैठण, कन्नडचे वकील ते शोधत येतात, कारण बाजारात मिळत नाही. वर्षातून एकदा मागितलं जातं, पण त्या एका वेळी एका कुटुंबाची जमीन त्यावर अवलंबून असते. देवघेवीचा आकडा हे कसं सांगणार?

काळी_माती | परभणी

शेतीच्या पुस्तकांबद्दल लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यातली बरीच मुलं ती वाचून घरी वडिलांना सांगतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या कापसाच्या पुस्तकांत बोंडअळीसाठी एंडोसल्फानची शिफारस सर्रास आढळते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्याच्या उत्पादन-विक्रीवर बंदी आणली. बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे त्याआधीच्या पुस्तकातलं फवारणीचं वेळापत्रक आजच्या शेताला लागूच होत नाही. असं पुस्तक देवघेवीत ठेवणं धोक्याचं आहे, मग ते कितीही धडधाकट असो.

पण त्याच खणात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे आणि आमच्या कृषी विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांचे अहवाल असतात. विद्यापीठ १९७२ चं, दुष्काळाच्या तोंडावर सुरू झालेलं. देशी कापूस, कोरडवाहू ज्वारी, कोणत्या मंडळात किती पाऊस झाला, याच्या नोंदी त्यांत आहेत. बांधणी सुटलेली, मुखपृष्ठ नाही, कुणी नेलेलं नाही. दिसायला तेच पहिलं रद्दीत जाईल. कृपा करून ते उचलून बाजूला ठेवा.

दख्खनी_वाचक | छत्रपती संभाजीनगर

गोदातीर मॅडम, तुमच्या उर्दू रसायनशास्त्रासाठी खास खाते उघडून लिहितोय.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं. विज्ञान, कायदा, वैद्यक, सगळं उर्दूतून शिकवायचं तर पुस्तकं हवीत, म्हणून त्याच्या आदल्या वर्षी 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग उभा राहिला. एका भारतीय भाषेतून उच्च विज्ञान शिकवण्याचा तो देशातला अतिशय मोठा प्रयत्न होता. त्यासाठी हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. आपलं शहरही त्यात होतं. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचं काम कितीतरी वर्षं इथूनच चालवलं आणि ते इथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्यही होते. तुमच्या हायस्कूलचा शिक्का असलेली प्रत म्हणजे परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावापर्यंत ही पुस्तकं पोचली होती याचा पुरावा. नुसती डिजिटल प्रत तो शिक्का, समासातली मास्तरांची टिपणं दाखवेलच असं नाही.

ती कुणी नेली नाहीत याचं एक कारण तुमच्या नोंदवहीतच सापडेल. बहुतेक ठिकाणी मी पाहिलं आहे: शीर्षकाच्या रकान्यात नुसतं 'उर्दू पुस्तक' असं लिहिलेलं असतं. पुढचा ग्रंथपाल लिपी वाचू शकत नव्हता, म्हणून लेखक नाही, विषय नाही, वर्ष नाही. ज्याचं नावच नोंदलेलं नाही ते मागणार कोण?

२०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाडाभर मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेले कागद एकाएकी गावोगावच्या बोलण्यात आले. त्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, कागद जागेवर होते म्हणून ते उघडता आले.

तेरणा | धाराशिव

निवृत्त ग्रंथपाल आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण कामाचं लिहितो, कारण आपले लोक पुस्तकाच्या प्रेमापेक्षा लेखापरीक्षणाच्या भीतीने जास्त अडतात. 'पुस्तक कमी दिसलं तर माझ्या निवृत्तिवेतनातून कापतील' हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं.

केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ वाचून ठेवा. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पडताळणी, वीस ते पन्नास हजारांना तीन वर्षांतून किमान एकदा पूर्ण, त्यापुढे नमुना पडताळणी. वर्षभरात दिलेल्या किंवा वाचनालयात हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते वाजवी मानलं आहे. अट ही की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांवरचा ग्रंथ आणि कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. हा नियम केंद्राचा असला तरी समितीपुढे ठेवायला मोठा आधार आहे. गहाळ आणि बाद यांच्या याद्या कधीही एकत्र करू नका. अर्धे आक्षेप तिथूनच निघतात.

बाद करताना यादीत दाखल क्रमांक, शीर्षक, आवृत्ती, किंमत, कोणत्या निधीतून घेतलं आणि बाद करण्याचं कारण हवं. 'जीर्ण' हा एकच शब्द सगळीकडे लिहू नका, 'कायदा रद्द', 'नवी आवृत्ती उपलब्ध', 'अभ्यासक्रमाबाहेर, अमुक प्रती शिल्लक' असं लिहा. विभागप्रमुखाची सही, ग्रंथालय समितीचा ठराव, मग महाविद्यालय विकास समितीची मान्यता. यूजीसीच्या किंवा अन्य अनुदानातून घेतलेल्यांची यादी वेगळी. दाखल नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक आणि तारीख, नोंद खोडायची नाही. सॉफ्टवेअरमध्येही प्रत 'बाद' दाखवा, नोंद पुसू नका. पुस्तकावर रद्दचा शिक्का, बारकोड काढलेला. एवढं केलं तर कुणी बोट ठेवत नाही.

निकषाबद्दल. टेक्सासमधल्या ग्रंथपालांनी १९७० च्या दशकात छोट्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सहा प्रश्न ठरवले: पुस्तक दिशाभूल करतं का, फाटलं-मळलं आहे का, नव्याने जुनं ठरवलं का, थिल्लर आहे का, आपल्या वाचकाला निरुपयोगी आहे का, आणि दुसरीकडे सहज मिळतं का. आपल्याकडे पहिले पाच विचारतात, सहावा कुणीच विचारत नाही. मी म्हणतो मराठवाड्यात सहावा आधी विचारा. इन्फ्लिबनेटच्या इंडकॅटवर (विद्यापीठ ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन सूचीवर) बघा, संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांना फोन करा. शेवटची प्रत तुमच्याकडे असेल तर बाकी पाच प्रश्नांची उत्तरं काहीही येवोत, ती हलवायची नाही.

न वापरलेल्या पुस्तकांची लाजही बाळगू नका. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. हा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तिकडेही गदारोळ झाला होता.

मांजराकाठ | लातूर

वाणिज्यच्या बाईंचं उत्तर मी परत परत वाचलं. वसतिगृहातला मुलगा शिक्क्यावर विश्वास ठेवतो, हे खरं आहे. करविषयक आणि फवारणीची पुस्तकं काढावीत हे मला मान्य.

आता दोन विनंत्या. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात स्मरणिका, पुनर्वसनाचे अहवाल, महाविद्यालयांचे वार्षिकांक निघाले. तसाच प्रादेशिक असमतोलावरचा दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल. त्यांना आयएसबीएन नाही, पाठकणा नाही, पातळ असतात, म्हणून 'पुस्तिका' म्हणून टाकून देतात. विद्यार्थ्यांच्या भूकंपावरच्या कविता आणि आठवणी कुठल्या ग्रंथात येणार नाहीत, त्या वार्षिकांकातच आहेत. ते राखा.

दुसरी: बाद पुस्तकं खेड्यातल्या वाचनालयांना 'दान' देऊ नका. जे तुमच्या मुलाला चुकीचं शिकवतं ते खेड्यातल्या मुलालाही चुकीचंच शिकवणार. द्यायची तर जास्तीच्या प्रती असलेल्या कथा-कादंबऱ्या, चरित्रं द्या, तीही त्यांना यादी दाखवून, त्यांनी निवडलेली.

वाणिज्य_विभाग | नांदेड

सर, दानाचा मुद्दा मी आमच्या ठरावात शब्दशः घालते. रद्द कायद्यांची पाठ्यपुस्तकं थेट कागद कारखान्याकडे लगद्यासाठी, मधल्या विक्रेत्याला नाही. नाहीतर तीच पुस्तकं पदपथावर आमच्याच मुलांना विकली जातात.

गोदातीर | परभणी जिल्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीपुढे मी असं मांडणार आहे.

देवघेवीची यादी ही फक्त कुठे बघायचं ते सांगणारी यादी, निर्णयाची नव्हे. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, त्या विषयाचा प्राध्यापक शेजारी उभा करून निर्णय घ्यायचा. क्रमिक पुस्तकं, गाईडं, संगणकाच्या जुन्या आवृत्त्या, रद्द करकायदे आणि फवारणीची पुस्तकं यांत हात आखडता घ्यायचा नाही. जागेचा बहुतेक भाग त्यांनीच अडवला आहे. याउलट १९६० पूर्वीचं काहीही, उर्दू किंवा मोडीतलं काहीही, मराठवाड्याविषयीचा कुठलाही अहवाल, स्मरणिका, वार्षिकांक, हैदराबादच्या कायद्यांवरचं काहीही, हे 'वापर नाही' या कारणाने बाद करता येणार नाही, असा स्वतंत्र ठराव मागणार आहे. त्यासाठी वाळवी नसलेलं, भिंतीपासून सुटं असं एक लोखंडी कपाट आणि 'मराठवाडा संग्रह' म्हणून वेगळी दाखल नोंद. बाद पुस्तकांची एकूण किंमत पाहून विकास समिती दचकेल हे गृहीत धरून तेरणा सरांचा कारणांचा रकाना मी आधीच भरायला घेतला आहे.

राज्यशास्त्राची मांडणी सर्वात आधी. बालाघाट, तुझ्या त्या पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती मला निरोपात पाठव, आमच्याकडे त्याच्या किती प्रती आहेत ते बघते.

आणि दख्खनी वाचक, शीर्षकपानांचे फोटो पाठवले तर लेखक, विषय आणि वर्ष वाचून द्याल का? हिजरी आणि फसली (निजामाच्या काळातली महसुली कालगणना) सनांचं इसवीत काय होतं तेही हवं आहे.

दख्खनी_वाचक | छत्रपती संभाजीनगर

जरूर. फोटो उन्हात नको, खिडकीजवळच्या सावलीत काढा, शाई फिकी असते. मुखपृष्ठ, शीर्षकपान आणि शेवटचं पान अशी तिन्ही पाठवा. छापखान्याचं नाव आणि सन बऱ्याचदा शेवटच्या पानावर असतो. पानं घडीला मोडत असतील तर पुस्तक पूर्ण उघडू नका, अर्धंच उघडून धरा. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, हिजरीचं मी करून देतो.